मध्यस्थ हवा, मुकादम नको

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकाशी दोन प्रकारचे कामगार दिसतात. यंत्र एकच, काम एकच. परंतु एकाच्या ओळखपत्रावर कारखान्याचे नाव असते, तर दुसऱ्याच्या ओळखपत्रावर मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीचे.

एजन्सीला सरसकट दूषणे देणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. लातूर-नांदेडकडून आयटीआय करून आलेल्या तरुणाची या नगरीत कुणाशी ओळख नसते. कारखान्याचे फाटक त्याच्यासाठी एजन्सीच उघडते. ती नियमाने चालणारी असेल, तर त्याच्या नावे भविष्य निर्वाह निधीचे खाते निघते, राज्य विम्याचे संरक्षण मिळते आणि दोन-तीन वर्षांत निरनिराळ्या कारखान्यांचा अनुभव गाठीशी जमतो. मागणीतील चढउतार सांभाळणाऱ्या उद्योगासही ही व्यवस्था सोयीची ठरते.

दुखणे आहे ते उत्तरदायित्वाचे. पगार थकला किंवा अपघात झाला की कारखाना एजन्सीकडे बोट दाखवितो आणि एजन्सी कारखान्याकडे. करार संपला की नोकरीत खंड पडतो. बढतीची वाट नसते आणि नोकरी कायम नसल्याने घरासाठी कर्ज मिळणेही अवघड होते. कामगार मात्र आपला धनी कोण, हेच शोधत राहतो.

कायद्याने या प्रश्नाकडे डोळेझाक केली, असे म्हणता येणार नाही. कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास ते मूळ मालकाने द्यावे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. तथापि, एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीस बंदी झाली म्हणून तेथील कामगार आपोआप कायम होत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत उद्योगाच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे. पण तिला अपवादही आहेत. शिवाय, कंत्राटी कामगारांविषयीच्या या तरतुदी पन्नास किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगारांच्या ठिकाणीच लागू होतात. दुर्बळातला दुर्बळ कामगार नेमका या मर्यादेखालीच सापडतो.

मध्यस्थाची दोन रूपे महाराष्ट्राने फार पूर्वीपासून पाहिली आहेत. ऊसतोडीचा मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि त्या उचलीपायी अवघे कुटुंब बांधले जाते. याउलट १९६९ च्या माथाडी कायद्याने मध्यस्थाच्या जागी मंडळ आणले. शासन, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी त्यावर असतात. आज एका व्यापाऱ्याकडे तर उद्या दुसऱ्याकडे ओझी वाहणाऱ्या हमालाची नोंद या मंडळाकडे होते; मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरतात आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी व उपदानाची तरतूद होते. मंडळांच्या कारभारात दोष शिरले हे खरे. पण मालक बदलला तरी कामगाराचा आधार तुटू नये, हे तत्त्व आजही मोलाचे आहे.

शासनाने स्वतःपासून आरंभ केला, तरच उद्योगांना चार शब्द सांगण्याचा अधिकार त्यास राहील. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामांसाठी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय राज्य शासनाने काढला आणि जनक्षोभामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. या अनुभवातून बोध घेतला पाहिजे.

तरुणांनीही नेमणूकपत्र, पगारपत्रक आणि निधीचा खाते क्रमांक हाती आल्याविना कामावर उभे राहू नये; नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्याच्या दारी तर जाऊच नये. समान कामाला समान वेतन आणि अपघाताच्या प्रसंगी मूळ मालकाची जबाबदारी, एवढे जी एजन्सी आणि जो कारखाना पाळील, त्यांचा व्यवहार समाजाच्या हिताचाच ठरेल. जे पाळणार नाहीत, त्यांनी नाव कोणतेही धारण केले तरी काम मुकादमाचेच करीत आहेत, असे समजावे.