बिनतारी मोटार आणि अपुरा जमाखर्च

अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात विक्रीची व्याख्या सोपी असते : किंमत दिली, वस्तू ताब्यात आली, व्यवहार संपला. मोटारीच्या बाबतीत ही व्याख्या आता अपुरी पडू लागली आहे. १९९६ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत ‘ऑनस्टार’ सेवा सुरू केली आणि मोटार व कारखानदार यांच्यातील बिनतारी दुवा विक्रीनंतरही टिकू लागला. २०१९ साली ह्युंदाईची ‘व्हेन्यू’ व एमजीची ‘हेक्टर’ या गाड्या अंगभूत सिमसह भारतात आल्या. या बाजारपेठेची पाहणी करणारे अहवाल किती गाड्या खपतील, वर्गणीतून किती उत्पन्न होईल, याचे अंदाज बांधतात. ग्राहकाच्या बाजूचा जमाखर्च मात्र त्यांत क्वचितच आढळतो.

या तंत्राचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींत ‘ई-कॉल’ यंत्रणा सक्तीची आहे. गंभीर अपघात होताच ती आपोआप ११२ या क्रमांकाशी संपर्क साधून गाडीचे ठिकाण कळविते. बेशुद्ध चालकाला याचे मोल किती, हे सांगावयास नको.

परंतु खर्चाच्या बाजूला दोन रकमा आहेत. पहिली काळाची. मोटार पंधरा वर्षे सहज चालते. दूरसंचाराची पिढी त्याआधीच कालबाह्य होऊ शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टी कंपनीने अमेरिकेतील आपले थ्री-जी जाळे बंद केले, तेव्हा सुस्थितीतील अनेक मोटारींची अपघात-सूचना यंत्रणा निकामी झाली. आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते. तेवढा काळ सेवा चालू ठेवण्याची हमी कोणी द्यावयाची?

दुसरी रक्कम माहितीची. जनरल मोटर्सने चालकांची ठिकाणे व वाहन चालविण्याच्या सवयी यांची माहिती पुरेशी कल्पना न देता विकली, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ठेवला. विम्याचे दर ठरविण्यासाठी ती वापरली गेली, असेही आयोगाचे म्हणणे होते. म्हणजे एका बाजारात पैसे मोजणारा ग्राहक दुसऱ्या बाजारात स्वतःच माल ठरला!

भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. तथापि गाडी ताब्यात घेण्याच्या घाईत, कागदांच्या गठ्ठ्यावर केलेल्या सहीला समजून दिलेली संमती म्हणता येणार नाही. म्हणून सेवा किती वर्षे मिळेल आणि माहिती कोणाकोणाला दिली जाईल, या दोन गोष्टी किंमतपत्रकावरच ठळकपणे छापणे सक्तीचे करावे. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला हप्ते किती, हे आधी सांगितले जाते. हप्ते फिटल्यावरही चालू राहणारे हे देणे त्याला आधी का कळू नये?