हुकूम कोणाचा, ते कायद्यात लिहा

जमाव पांगवायला लष्कर बोलावले, तर लष्करी अधिकाऱ्याने शक्य तितके कमी बळ वापरावे, माणसांची आणि मालमत्तेची हानी कमीत कमी करावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. पोलिसांसाठीचे कलम १४८ त्याच्या लगेच वर आहे. त्यात हे वाक्य नाही. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव सांगूनही हटला नाही तर बळाने पांगवा, एवढेच. जुन्या संहितेतही कलम १२९ आणि १३० मध्ये हाच फरक होता. २०२४ मध्ये आकडे तेवढे बदलले.

मी शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. म्हणून कलम १५१ मला जास्त खुपते. नुसता हुकूम पाळला म्हणून गुन्हा नाही, हे कवच त्यात सैन्यातल्या जवानाला आहे. पोलिसाने मात्र आपण सद्हेतूने वागलो हे दाखवायचे. आणि हुकूम येतो कसा? वायरलेसवर, नाहीतर साहेबांच्या हाताच्या इशाऱ्याने. सकाळपासून उभे राहून पाय भरून आलेले असतात, दगड येऊ लागतात, पुढच्याने काठी उगारली की मागचाही उगारतो. काठी कमरेखाली मारायची, हे आम्हाला शिकवलेले. पळता पळता माणूस खाली वाकला की कंबर कुठे आणि डोके कुठे! चौकशी लागल्यावर ‘मीच तोंडी सांगितले होते’ म्हणणारा साहेब मला तरी भेटला नाही.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. त्यात एका फौजदाराला जन्मठेप झाली, ती २००९ मध्ये. २०११ ला मावळात पोलीस गोळीबारात तीन शेतकरी गेले. २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हाही सगळे हेच विचारत होते, हुकूम कोणाचा?

पोलीस हा राज्याच्या सूचीतला विषय आहे. आपला पोलीस अधिनियम १९५१ चा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांबाबत बजावल्यावर, २०१४ मध्ये त्यात तक्रार प्राधिकरण आले. पण ते मार बसल्यानंतरचे. आधीचे काय? विधिमंडळाने आणखी एक प्रकरण घालावे: इशारा कसा द्यायचा, अश्रुधूर, काठी आणि गोळी यांचा क्रम कोणता, डोक्यावर मार नाही, आणि हुकूम देणाऱ्याचे नाव व वेळ त्याच दिवशी स्टेशन डायरीत. ही नोंद लोकांनाही दिसावी. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये तसा कायदा केला. तिथे जमावावर रबरी गोळ्या किंवा अश्रुधूर वापरला, तर साठ दिवसांत त्याचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा लागतो.

हे सारे नियमावलीत आहेच, असे खात्यातले मित्र म्हणतील. असेल. पण परिपत्रक काढून जे बदलता येते, त्यावर सभागृहात कोणी आमदार उभा राहून प्रश्न विचारत नाही. दुसरे म्हणतील, ऐन दंगलीत अधिकारी कचरेल. आपले नाव लिहिले जाणार म्हणून कोणी क्षणभर थांबला, तर ते मला चालेल.

मसुदा समितीवर निवृत्त आयपीएस पुष्कळ मिळतील. एक तरी शिपाई घ्या.