जुन्या सुरांचे नवे मोल

भिवंडीजवळच्या अंजूरच्या शिवारात एके काळी भातशेती दिसे. आज त्या परिसरात गोदामांच्या रांगा आहेत. महानगरातील ग्राहकाने घरबसल्या मागविलेला पुष्कळसा माल याच पट्ट्यातून जातो, आणि त्यात आता ग्रामोफोनची तबकडीही असू शकते. कालबाह्य ठरलेली ही वस्तू ‘रिमास्टर्ड’ असा शिक्का घेऊन परतली आहे. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ मधील एकसूत्री गीतसंग्रहाची अशी आवृत्ती पन्नाशीच्या निमित्ताने २०२३ मध्ये निघाली.

या व्यवहाराचे अर्थकारण सरळ आहे. निर्मितीचा खर्च कधीच वसूल झालेला असतो. उरतो तो मूळ फीत स्वच्छ करण्याचा, ध्वनीचा समतोल साधण्याचा आणि वेष्टनाचा. किंमत मात्र ग्राहकाच्या आठवणींवर ठरते. ज्याने तबकडी, कॅसेट व सीडी घेतली, तोच चौथ्यांदा पैसे मोजतो. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. चांगल्या संस्करणात पूर्वी दबलेले वाद्य खरोखरच ऐकू येते. (वाईट संस्करणात सारेच सूर सारख्या जोराने कानांवर आदळतात, हा भाग वेगळा.)

मराठीत मात्र प्रश्न निराळा आहे. एका कथासूत्रात गीते ओवण्याचा प्रयोग पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, आरंभिला होता. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत आणि दर आठवड्यास एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्न गीतांची छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांच्या कंठांतून त्यातील पात्रे बोलली. बाजारात ‘गीतरामायण’ मागितले असता बहुधा हाती पडते ते फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील. ते गायन थोर आहेच. परंतु मूळ प्रसारणाची जागा ते घेऊ शकत नाही.

खाजगी कंपनी आपल्याच मालकीच्या फितींना उजाळा देणार, हे साहजिक होय. कायद्यानेही तिला मुदत दिली आहे: १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षांनी, २०२५ अखेर संपतो. शब्द व चाल यांचे हक्क निराळे. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, फडके २००२ मध्ये. तेव्हा शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींवरील २०६२ अखेरपर्यंत चालेल. म्हणजे मुद्रण मुक्त झाले तरी वारसांच्या संमतीवाचून कोणालाही ते छापून विकता येणार नाही.

अशा स्थितीत अनेक आवाजांचे ते प्रसारण मूळ क्रमाने, गायकांच्या नामावलीसह आणि माफक दरात श्रोत्यांपर्यंत पोचविणे हे काम प्रसारभारतीचेच ठरते. जनतेच्या पैशाने जे एकदा निर्माण झाले, त्याच्या फितींची निगा आणि वारसांशी करार हा खर्च तिच्या अंदाजपत्रकात जड होण्याजोगा नाही. फितीवरील चुंबकीय थर मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहत थांबत नसतो.