पेढीवरील संगणक आणि लिनक्स

वहीपूजनाच्या पाटावर आता वहीशेजारी संगणकही विराजमान होतो. 2025 साली या पूजनाच्या अवघा आठवडाभर आधी, 14 ऑक्टोबर रोजी, विंडोज 10 या चालकप्रणालीस मिळणारी नेहमीची सुरक्षादुरुस्ती कंपनीने थांबविली. धडधाकट असूनही नव्या विंडोजच्या अटींत न बसणारी यंत्रे आमच्या खानापूरच्या पेठेत थोडीथोडकी नाहीत. ती मोडीत काढावीत काय? आमच्या मते त्यांवर लिनक्स बसवावी.

1991 साली लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, ही गोष्ट दुय्यम होय. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी व नकलून वाटावी, हे तिचे खरे वैशिष्ट्य. शास्त्रदानास पुण्य मानणाऱ्या आपल्या समाजास याचे नवल वाटू नये. सुमारे सहस्र वर्षांपूर्वी याच कर्नाटकात दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्नकवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून वाटल्या, विकल्या नाहीत.

मग ही प्रणाली एका देशात रुजते व दुसऱ्यात रुजत नाही, ती का? लोकांची बुद्धी कमीअधिक म्हणून खचित नव्हे. फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलीसदलाने 2008 पासून आपली हजारो यंत्रे उबुंटूवर आणली व तो क्रम टिकविला. उलट जर्मनीतील म्युनिक नगरीने सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर आणूनही, नवे महापौर आल्यावर, 2017 साली विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. आपल्याकडे केरळने शालेय संगणकशिक्षणच लिनक्सवर आणले. तेथील मुलांस ती परकी वाटत नाही. जेथे संस्थेने निश्चय केला तेथे ती राहिली. संकेतस्थळांच्या भेटींवरून मोजदाद करणाऱ्या स्टॅटकाउंटरने 2024 च्या आरंभी जगात लिनक्सचा वाटा सुमारे 4 टक्के दाखविला. भारतात तो याहून पुष्कळ अधिक होता. (पेढीवरील केवळ जमाखर्चाचे यंत्र या मोजणीत येतच नाही, हे वेगळे.)

आपली अडचण खतावणीची आहे. टॅली विंडोजसाठी रचलेली, आणि करसल्लागारही तिचीच फाईल मागतो. ती एका रात्रीत सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ग्नूखाता ही मुक्त जमाखर्चप्रणाली आपल्याच देशात निर्माण झाली आहे. एखाद्या पेढीने वर्षभर तिजवर समांतर खतावणी ठेवून ताळा घ्यावा. पत्रव्यवहारास तर काहीच अडसर नाही; आपणांस लागणाऱ्या मराठी व कन्नड या दोन्ही लिपी लिनक्सवर सुखेनैव लिहिता येतात. तेव्हा संघाने आपल्या कार्यालयातील एक जुना संगणक येत्या पाडव्यापासून लिनक्सवर चालवावा, आणि ज्या अडचणी येतील त्या पुढील स्मरणिकेत जशाच्या तशा छापाव्यात.