मालगुडीचं घर आणि आपलं अचौर्य



हुमच्याच्या पद्मावतीदेवीचं दर्शन घेऊन आपल्या यात्रेच्या गाड्या तीर्थहळ्ळी, आगुंबे घाट उतरून वरंग, कारकळकडे जातात. आता या वाटेवर नवीन थांबा लागायला लागलाय. ‘मालगुडी डेज’वालं घर! गाडी थांबते, मोबाईल बाहेर निघतात आणि पंधरा मिनिटांत अख्खं घर ‘बघून’ होतं. याबद्दलच आज थोडं कडक लिहिणार आहे.

मालिका माझीही लाडकी आहे. आर. के. नारायण यांचं मालगुडी हे कल्पनेतलं गाव. शंकर नाग यांनी १९८६च्या सुमारास ते आगुंब्यात उभं केलं. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणारं हे गाव! आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, एल. वैद्यनाथन यांची धून, स्वामी झालेला मंजुनाथ, वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड. आपली पिढी दूरदर्शनसमोर मांडी घालून हे बघत मोठी झाली. मग ते गाव डोळ्यांनी बघावंसं वाटलं तर त्यात वावगं काहीच नाही.

वावगं पुढे आहे. ज्या ‘दोड्डमने’त म्हणजे मोठ्या घरात चित्रण झालं, तो सेट नव्हता. ते नांदतं घर आहे. आल्यागेल्याला जेवू घालायचं आणि दर सांगायचा नाही, पाहुण्यानं समजून द्यावं, अशी त्या घराची रीत प्रसिद्ध आहे. आणि आपण काय करतो? न विचारता माजघरात डोकावतो, वाळत घातलेल्या कपड्यांसकट व्हिडिओ काढतो, जेवून उठताना “किती देऊ गं? शंभर पुरेत ना?” असं आपसांत कुजबुजतो.

बायांनो, आपल्या चौक्यात कुणी न विचारता चपलांसकट शिरलं तर आपण काय म्हणू? सोवळ्याचं पाणी भरून ठेवलंय आणि कुणी परकी बाई मोबाईल धरून उभी राहिली तर चालेल का?

यावर “अहो, प्रेमापोटीच जातो ना!” असं उत्तर येतं. मालिकेवर प्रेम असेल, पण त्यानं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर हक्क मिळत नाही. अचौर्य अणुव्रत म्हणजे फक्त पाकीट न मारणं नव्हे. न दिलेलं घेणं ही चोरीच, हे लहानपणापासून पाठशाळेत शिकलोय. घरच्यांनी न दिलेला फोटो, त्यांची न दिलेली दुपार, आणि स्वस्तात उरकलेलं जेवण हे सगळं त्यातच येतं. दर सांगितला नाही म्हणून कमी द्यायचं, हा तर समोरच्याच्या संकोचाचा फायदा घेणं झालं.

आणि गंमत म्हणजे नारायण यांच्या कादंबरीत हेच आहे. राजम घरी येणार म्हटल्यावर स्वामीची केवढी तारांबळ! बसवायचं कुठं, खायला काय द्यायचं? पाहुणा येतो तेव्हा घरच्यांच्या पोटात काय गोळा येतो, हे ज्या कथेनं इतक्या प्रेमानं सांगितलं, तिचेच चाहते यजमानाला विसरले तर त्यांनी बघितलं तरी काय?

फोटोच हवेत ना? अरसाळूच्या जुन्या रेल्वे स्थानकात रेल्वेनं २०२०मध्ये मालगुडी संग्रहालय केलंय. तेही हुमच्याच्याच होसनगर तालुक्यात. तिथं पोटभर फोटो काढा.

आणि त्या घरी जायचंच असेल तर आधी विचारा. अख्खी बस नेऊ नका. सूर्यास्ताआधी जेवणार असाल, कंदमूळ चालत नसेल, तर वेळेत आणि नम्रपणे सांगा. ऐनवेळी हुकूम सोडू नका. ताटात टाकू नका. आणि निघताना, आपल्या घरी पंगत वाढायला जेवढे कष्ट पडतात तेवढे आठवून पाकिटात हात घाला.

बसदीच्या उंबऱ्याशी आपण ‘निःसही’ म्हणून आत जातो. दुसऱ्याच्या घराच्या उंबऱ्याशी निदान “येऊ का?” एवढं तरी म्हणूया.