वडा घरी तळा, तेल मात्र पुन्हा तापवू नका

वस्तीत आरोग्य शिबिर लागलं की एक वाक्य ठरलेलं असतं: तळलेलं बंद करा. परिचारिका असताना आम्हीही रुग्णांना हेच सांगायचो आणि रात्रपाळीला स्वतः वडापाव खायचो. पहाटे धुणीभांडी करायला निघणाऱ्या बाईला दुपारपर्यंत तोच आधार असतो. म्हणून वडा सोडा, असं आम्ही म्हणणार नाही. जमेल तेव्हा घरी करा, एवढंच म्हणू.

दोष बटाट्याचा नाही, बेसनाचाही नाही. बेसनात तर प्रथिनं असतात. घात करतं ते दिवसभर उकळून काळं झालेलं तेल. २०१८ पासून नियम आहे की तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. पण गाडीवर जाऊन मोजतं कोण? गाडीवाला आपलाच भाऊ, त्याला रोज तेल फेकणं परवडत नाही. त्याच्यावर आमचा राग नाही, तपासणाऱ्यांवर आहे.

घरी करताना बटाटे सालीसकट उकडा. हिरवे पडलेले, कोंब फुटलेले घेऊ नका. भाजीत मोड आलेली मटकी उकडून मिसळा, वर लिंबू पिळा. आपल्या किती बायांचं रक्त कमी असतं, ते आम्ही वॉर्डात पाहिलंय. लिंबामुळे मटकीतलं लोह अंगी लागतं, चहामुळे ते वाया जातं. तेव्हा चहा तासाभराने घ्या. पिठात सोडा नको, चमचाभर कडकडीत तेल घाला. सोडा आणि मीठ दोन्ही रक्तदाब वाढवतात. दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे चौघांच्या घरात किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा. तुमच्याकडे किती दिवस जातो, एकदा तारीख लिहून बघा. साखरेचा आजार असेल तर वड्याबरोबर पाव नको.

कढई लहान घ्या, तेल कमी लागतं. पिठाचा थेंब टाकताच वर आला तर तेल तयार. तळाशी बसला तर वडा तेल पिणार. आप्पेपात्र असेल तर थेंबभर तेलात काम होतं, चव मात्र वड्याची येत नाही, खोटं कशाला सांगा. उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला नाही. भाजी त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात ती लवकर आंबते.

आणि हा बेत एकट्या आईच्या माथी मारू नका. बटाटे सोलायला मुलगा बसू दे, मुलीला अभ्यास करू दे. हात भाजला तर टूथपेस्ट नको, नळाखाली २० मिनिटं धरा.

वडे वर्तमानपत्रावर काढू नका. गरम तेलात शाई उतरते, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच याबद्दल बजावलंय. या मासिकाच्या पानावरही नको. ताटात घ्या.