ओरडून उतारा वाढत नाही



गळीत हंगाम आटोपला, शेवटच्या टोळ्या गावाकडं गेल्या आणि आम्ही चार-पाच मंडळी खोपोलीचा घाट उतरून पेणला गेलो. आमच्यातल्या एकाची लेक तिकडं दिली आहे, तिच्या घरी कार्य होतं. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव. पुढं रोहा, कुंडलिकेच्या काठचं, धावीर महाराजांचं. कोकण रेल्वे इथूनच सुरू होते. आपल्यासारखा उसाचा मुलूख नव्हे, भाताचा. पण एक पीक या पट्ट्यात जोमदार येतं, ते कबड्डीचं. संध्याकाळ झाली की पोरं मैदानात.

दोन संध्याकाळी दोन गावांतला सराव आम्ही पाहिला. गावांची नावं घेत नाही, कारण जे पाहिलं ते आपल्याकडंही आहेच.

पहिल्या ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा चढाईला गेला. बोनससाठी पाय टाकला आणि कोपऱ्यानं घोटा धरला. मास्तर सगळ्यांसमोर ओरडले, बापाचा उद्धार केला. पुढच्या तिन्ही चढाया त्या पोरानं मध्यरेषेजवळच काढल्या. चढाई तीस सेकंदांची. त्यात निम्मी नजर समोरच्या सातांवर आणि निम्मी मास्तरांवर! समोरच्यांनी पकड करायच्या आधीच भीतीनं त्याची पकड केली होती.

दुसऱ्या ठिकाणी नेमकी तीच चूक झाली. तिथल्या मास्तरांनी पोराला जवळ बोलावलं. "कोपरा कुठं होता रे, दिसला का?" पोरगा म्हणाला, "नाय दिसला." "मग परत जा, पहिला त्याला बघ." एवढंच. तिसऱ्या खेपेला पोरगा बोनस घेऊन आला.

परतताना गाडीत वाद पेटला. आमच्यातले एक जुने पैलवान म्हणाले, "वस्तादाचा मार खाल्ल्याशिवाय मल्ल होत नाही. आचरेकर सरांनी सचिनला चापट मारली होती, हे विसरलात?" खरं आहे. सराव चुकवून दुसऱ्यांची मॅच बघायला गेल्याबद्दल चापट बसली, हे सचिन तेंडुलकर यांनी स्वतःच सांगितलं आहे. 2013 च्या निरोपाच्या भाषणात तर ते म्हणाले की सरांनी आपल्याला कधीच 'चांगला खेळलास' म्हटलं नाही. पण त्याच सरांनी या पोराला स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेलं. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवलं. बाद झाला नाही तर नाणं सचिनचं. शिस्त कडक होती, पण हा माणूस आपल्यासाठी झिजतोय हे पोराला रोज दिसत होतं. चापट गोड झाली ती त्यामुळं.

आणि दुसरी गोष्ट. चापट खाऊन जो मोठा झाला, तो भाषणात सांगतो. चापट खाऊन ज्यानं खेळ सोडला, त्याचं भाषण कोण ऐकतो? तो आपल्याला दिसतच नाही, आणि आपण म्हणतो, माराचा गुण आला!

त्या न दिसणाऱ्या पोरांची मोजदाद अमेरिकेत झाली आहे. स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना शिकवलं: चांगलं केलं की लगेच सांगा, चूक झाली तर आधी धीर द्या, मग दुरुस्ती सांगा, अपमान करू नका. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की असं न शिकवलेल्या प्रशिक्षकांकडची 26 टक्के मुलं पुढच्या हंगामाला आली नाहीत. शिकवलेल्यांकडची फक्त 5 टक्के गळाली. जिंकण्या-हरण्यात मात्र दोन्हींकडं मोठा फरक नव्हता. म्हणजे ओरडून चषकही जास्त मिळत नाहीत, पोरं तेवढी जातात.

आता नात्याची दुसरी बाजू, जिच्याबद्दल आपण बोलायला कचरतो. गुरूवर विश्वास हवा, पण तो आंधळा झाला की पोरं तोंड उघडत नाहीत. 2023 साली देशातल्या नामवंत महिला मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. पदकं मिळवलेल्यांची ही गत, तर आपल्या शाळेच्या संघातली चौदा वर्षांची मुलगी कुणाला सांगणार? मुलांच्या संरक्षणासाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि मुलगी मैदानावर.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे. सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिलं, स्पर्धा भरवल्या, हे भूषणावह आहे. आपणही खेळासाठी पैसे देतो. यापुढं ज्या संघाला कारखान्याचा पैसा जाईल, त्याच्या प्रशिक्षकाला आधी प्रशिक्षण द्यावं. मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी एक जबाबदार बाई असावी. वर्षातून एकदा पालक आणि खेळाडू यांची बैठक व्हावी, आणि त्यात मास्तर बाहेर बसावेत. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे. काट्यावर गाडीचं वजन दोघांच्या डोळ्यांदेखत होतं, तेव्हा कुणी रागावतो का?

उसाचं आपल्याला कळतं. कोवळा तोडला तर मोळी भरते, पण उतारा पडतो. ऊस पक्व व्हायला त्याचे महिने द्यावेच लागतात, आणि त्या महिन्यांत पाणी, खत, निगराणी आपली. फडाच्या बांधावर उभं राहून उसावर ओरडणारा शेतकरी आम्ही अजून पाहिला नाही. मग पोरांवरच का?

येत्या वार्षिक सभेत या सूचनांचा विचार व्हावा, ही विनंती.